प्रसादाचा चष्मा

बांधावरून चालायला लागून अर्धा तास झाला होता आणि किशोरी माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ती पुढे, मी मागे. एका हाताला खाडीचा चिखल, दुसऱ्या हाताला पडीक मिठागरं, डोक्यावर माघ महिन्यात न शोभणारं ऊन, आणि माझ्या उजव्या चपलेचा अंगठा निघायच्या बेतात. दोनतीनदा मी काही बोलायला गेले, तर नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं.

"किशोरी, अगं जरा हळू!"

ती थांबली नाही. नुसती मान वळवून म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं उतरायला? गाडीत एसी होता."

भावनावहिनींच्या चांगल्या चालत्या गाडीतून ही बाई मध्येच उतरली. "गाडी थांबवा," असं इतक्या शांतपणे म्हणाली की ड्रायव्हरला वाटलं हिला उलटी होतेय, त्याने घाबरून कचकन ब्रेक मारला. ही उतरली. दार आपटलंसुद्धा नाही, हळूच लावलं, आणि पदर खोचून चालू पडली. आता भावनावहिनी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, मी चिटणीस. मी कुणाच्या बाजूने राहायचं? माझं वय एकसष्ट, डावा गुडघा केव्हा बोलेल सांगता येत नाही. तरी उतरले. भर दुपारी एकट्या बाईला बांधावर सोडून जाणं बरं नव्हे, असं मी वहिनींना सांगितलं. ते खरंच होतं. पण गाडीत बसून वहिनींचं पुढचं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, हेही तितकंच खरं.

किशोरी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझ्या डोक्याला होणारा ताप तुमच्या लक्षात येईल.

पनवेलच्या जुन्या बाजारात एक चष्म्याचं दुकान आहे. समोर आरसे, फ्रेमी, गोड बोलणारा मालक. मागे पडदा, आणि पडद्यामागे स्वयंपाकघरातल्या फडताळाएवढी खोली. तिथे काच घासायचं मशीन आहे आणि त्या मशीनसमोर किशोरी तीस वर्षं बसलेली आहे. माहेर खाडीकाठच्या याच कोळीवाड्यातलं. वडील लहानपणीच गेले, चुलत्याने वाढवलं, लग्न करून दिलं. सासर रोडपालीला, नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करतो. दुकानात ती आली ती झाडलोट करायला. फरशीवर काचेचा भुगा असायचा, तो ओल्या फडक्याने पुसायचा, एवढंच काम. पुढे काच घासणारा माणूस सोडून गेला आणि मालक म्हणाला, बघ गं जमतंय का. तेव्हा खरी काच असायची. ओल्या दगडी चाकावर हाताने धरून फ्रेमच्या आकाराची घासायची. तिला जमलं. आता प्लास्टिकच्या काचा आल्या, मशीन आपोआप घासतं. तरी बाहेर जाणारा प्रत्येक चष्मा ती हाताने तपासते, मशीनवर विश्वास ठेवत नाही. माणसांवर तर नाहीच.

तपासायची तिची रीत अशी. चष्मा हातभर लांब धरायचा, त्यातून खिडकीच्या गजाकडे किंवा दाराच्या चौकटीकडे बघायचं आणि चष्मा हळूहळू डावीउजवीकडे हलवायचा. काचेतली चौकट चष्म्याच्या उलट दिशेला सरकली की नंबर प्लस. चष्म्याबरोबरच सरकली की मायनस. किती भरभर सरकते त्यावरून किती नंबर तेही तिला कळतं. दुकानात हे ठीक आहे हो. पण ही बाई हे कुठेही करते. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी हळदीकुंकू होतं. माझ्या प्राचीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, पहिल्यांदाच आलेल्या. किशोरीने वाण घेतलं, त्यांच्याकडे दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि सरळ त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. माझ्या विहीणबाईंच्या नाकावरचा! आणि खिडकीसमोर उभी राहून हलवायला लागली.

"काकू, तुमचं डोकं दुखतं ना संध्याकाळी?"

विहीणबाई आंधळ्यासारख्या पुढे हात करून म्हणाल्या, "दुखतं. पण तुला काय करायचंय?"

"काचेचा मधला बिंदू डोळ्याच्या बाहुलीसमोर पाहिजे. हा नाकाकडे सरकलाय. कुठून केला? बदलून घ्या."

मी दातओठ खात तिच्या हातातून चष्मा घेऊन विहीणबाईंना परत दिला. वर पुन्हा आठ दिवसांनी विहीणबाईंचा फोन, चष्मा बदलला, डोकं दुखायचं थांबलं, त्या मुलीला माझा निरोप सांगा. तिचं खरं निघतं, हाच तर सगळा वैताग आहे. चुकली असती तर एकदा तोंडावर सांगता तरी आलं असतं.

आमची ओळख झाली तीही अशीच. मला गुरुचरित्राच्या सप्ताहाआधी चष्मा हवा होता. चार दिवस हातात होते. मालकाने नंबर काढला, पुस्तक वाचून दाखवा म्हणाला, मी वाचलं. तेवढ्यात पडद्यातून हिचं डोकं बाहेर आलं.

"बाई, पोथी कुठे ठेवता? हातात की चौरंगावर?"

"चौरंगावर. पोथी काय हातात धरून वाचतात?"

"आणि तुम्ही बसता खाली, पाटावर?"

"हो."

"मग हा नंबर नाही चालणार," असं मालकाच्या देखत म्हणाली. पुस्तक हातात धरलं तर जवळ येतं, चौरंगावरची पोथी लांब राहते. त्याला नंबर कमी लागतो. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तिने मला खाली पाटावर बसवलं, समोर स्टूल आडवं टाकलं, त्यावर बिलबुक ठेवलं आणि वितीने माप घेतलं. सप्ताह माझा सुरेख झाला, एक ओळ अडली नाही.

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालेलं. आणि तरीसुद्धा शिबिरात माझं डोकं चाललं नाही. त्या दुपारी बांधावरून चालताना किशोरीपेक्षा जास्त राग मला माझा येत होता, पण तो काढायला समोर किशोरीची पाठच होती.

शिबिराचं असं झालं. दत्तजयंतीच्या निमित्ताने मंडळाने खाडीकाठच्या तीन गावांत चष्मे वाटले. एकशे अठरा. यादी माझ्या हातात. तयार चष्म्यांचे चार खोके आणले होते, प्लस एक, दीड, दोन आणि अडीच. म्हातारी माणसं ओळीने येत, आम्ही त्यांच्या हातात वाचायचा तक्ता देत असू, ज्याला अक्षर येत नाही त्याला चित्रांचा. एकेक चष्मा लावून बघायचा, झक्क दिसलं की तो त्याचा. बहुतेकांना अडीचने झक्क दिसलं. किशोरीला बोलावलं होतं ते दांड्या वाकवून कानाला बसवायला. अकरा वाजेपर्यंत तिने केलं. मग माझ्याजवळ येऊन कानात कुजबुजली, "बाई, यांच्या हातात तक्ता कशाला देता? यांच्या घरात पुस्तक नाही. काम काय करतात ते विचारा ना एकेकाला."

बाहेर ऐंशी माणसं उन्हात. मी म्हटलं, "किशोरी, आज नको गं बाई."

आणि भावनावहिनी तिकडून ओरडल्या, "किशोरी, तू स्क्रू आवळ!"

तिने स्क्रू आवळले.

एक गोष्ट यात माझी स्वतःची होती, तीही सांगायला हवी. शिबिराच्या आदल्या दिवशी सगळे खोके मी देवळात नेले. महाराजांच्या पादुकांपाशी ठेवले, आरती केली, प्रत्येक डबीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. वाटताना चष्म्याबरोबर खडीसाखरेची पुडी. नुसती खिरापत वाटल्यासारखं होऊ नये, देवाच्या दारातून गेलेलं असावं, एवढाच माझा हेतू होता. माणसं डोळे मिटून ओंजळीत घेत होती. मला भरून आलं होतं.

आणि अडीच महिन्यांनी, म्हणजे त्या दिवशी सकाळी, आम्ही कोळीवाड्यात गेलो ते अहवालासाठी फोटो काढायला. शिमग्याच्या आधी दुसरं शिबिर ठरलं होतं, दोनशे चष्मे मागवून झाले होते. सगळे अडीचचे. "तोच नंबर जास्त गेला ना, मग तोच मागवला," असं वहिनींचं म्हणणं.

गावात एकाच्याही डोळ्यावर चष्मा नव्हता. तेरा घरं फिरलो. कोळंबी सोलत बसलेल्या बायका, विळीवर बसलेल्या, तांदूळ निवडणाऱ्या. सगळ्या तशाच, डोळे बारीक करून.

किशोरीचे चुलते काशिराम यांच्या घरी गेलो. म्हातारबाबा ओटीवर पाय पसरून खाडीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे जाळ्यांचा हा एवढा ढीग. सत्तरी उलटलेली. या गावातली फाटकी जाळी पन्नास वर्षं यांच्या हाताखालून गेलेली. त्यांची बायको सखूबाई कपाळावर चष्मा चढवून दारातच उभी.

"बघा, आजीने लावलाय!" वहिनी खूश.

"तुमी येनार म्हनून काढला," सखूबाई म्हणाली. "तुमाला बरा वाटावा."

मुलगा आनंदा टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होता. उद्या सकाळी जाळी उचलायची, उरणला पाठवायची, तिथे माणसं आहेत. आमच्याकडे बघून म्हणाला, "बापाला आता दिसत नाय. गेल्या टायमाला चार आस सुटले, म्हावरा गेला. किती दिवस चालवून घ्यायचा?" आस म्हणजे जाळ्याचा एकेक चौकोन, म्हावरा म्हणजे मासळी. काशिरामबाबा खाडीकडे बोट करून म्हणाले, "भाच्याची बोट आयली." आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मला चिखल आणि चकाकणारं पाणी याखेरीज काही दिसलं नाही. दहा मिनिटांनी वळणावरून खरंच बोट आली.

"बाबा, चष्मा लावून जाळं हातात घ्या ना, फोटो काढते," वहिनी म्हणाल्या.

म्हातारबाबा उठले. आधी हातपाय धुतले. आत गेले, देव्हाऱ्यातून चष्मा घेतला, कपाळाला लावला, मग डोळ्यांवर. ओटीवर येऊन बसले, जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं, हातात सुई घेतली. वहिनींचे तीन फोटो झाले. मी जवळ बसले होते म्हणून मला ते म्हणाले, "डोलं गेलं, बाय. देवाचा चश्मा लावला तरी आस दिसत नाय. मंग आता काय राहिला?" एवढं बोलून चष्मा पुन्हा आत नेऊन ठेवला.

मी म्हटलं, महाराज बघतील. हो, असंच म्हटलं मी. आता लिहितानाही लाज वाटते.

ते परत येऊन जाळं ताणून बसले, तर किशोरी जमिनीवर उकिडवी बसून त्यांच्या नाकापासून जाळ्यापर्यंत वितीने माप घेत होती. त्यांनी तिचा हात झटकला. "मापं कनाला घेतंस गो? झबला शिवतंस काय मना?"

गाडीत बसल्यावर दोन मिनिटं बरी गेली. मग वहिनी म्हणाल्या, "बघितलंत ना? कुणी वापरत नाही. या लोकांना फुकट मिळालं की किंमत राहत नाही."

"या लोकांना म्हणजे?" किशोरी म्हणाली. "मी त्यांच्यातलीच."

"अगं तुला कुठे म्हटलं?"

"चष्मे चुकीचे दिलेत वहिनी. ते दोनशे परत पाठवा."

"चुकीचे दिले असते तर एकाने तरी तोंड उघडलं असतं ना? शंभरावर माणसं आहेत. अडीच महिने झाले. एक तरी तक्रार आलीय का? तूच सांग."

त्यावर किशोरीने तोंड उघडलं ते गाडी थांबवायलाच.

असा तो सगळा प्रकार. तर आता बांधावर, उघाडीजवळ, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडायचं जे दार असतं तिथे, माझ्या चपलेचा अंगठा शेवटी निघालाच. मी कट्ट्यावर बसकण मारली.

"मी आता हलणार नाही. तुला जायचं तर जा."

ती चार पावलं गेली, मग परत आली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यासमोर धरली. मग पदराला लावलेली पिन काढून माझी चप्पल जोडायला घेतली. हे करतानाही कपाळाला आठ्या.

"मला एकदा नीट समजावून सांग," मी म्हटलं. "रागावू नकोस. अडीचने त्यांना तक्ता दिसला. मी स्वतः पाहिलं. मग जाळं का दिसत नाही?"

तिने पिशवीतून शिबिरातला उरलेला एक चष्मा काढला. "इकडे या. उन्हात." उन्हात मी होतेच. तिने चष्म्याची एक काच सूर्यासमोर आडवी धरली आणि खाली कट्ट्याच्या सिमेंटवर आधी मोठं धूसर वर्तुळ पडलं. चष्मा ती हळूहळू वर नेत गेली. वर्तुळ आवळत आवळत ज्वारीच्या दाण्याएवढं झालं आणि लखलखायला लागलं.

"आता वितीने मोजा. काचेपासून खाली."

मी मोजलं. बरोबर दोन वीत.

"हा अडीचचा चष्मा. सूर्याचे किरण सरळ येतात, ही काच त्यांना दोन वितीवर एकत्र आणते. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग ताठ होतं, त्याला आपणहून पुढेमागे करता येत नाही. हा चष्मा लावला की नजर फक्त दोन वितीवर जमते. तक्ता हातात धरलात, किती लांब होता?"

"दोन वीत," मी म्हटलं.

"म्हणून झक्क दिसला. काका जाळं पायाच्या अंगठ्यात ताणतो. मी माप घेतलं. तीन वीत आणि वर चार बोटं. तिथे या चष्म्याने धुकं. काकी कोळंबी सोलते, ती पाटावर, कोळंबी जमिनीवर. धुकं. जाळं जवळ घ्यायला गेलं तर ताण जातो, कमरेतून वाकलं तर अर्ध्या तासात पाठ जाते. चष्मा न लावता निदान उन्हात डोळे बारीक करून काहीतरी दिसतं. लावून तेही नाही." मग तिने पिशवीतून आणखी एक चष्मा काढला, काळ्या फ्रेमचा, फडक्यात गुंडाळलेला. "हा दीडचा." तो उन्हात धरून वर वर नेला. या खेपेला ठिपका जमेपर्यंत तिला चांगलंच वर जावं लागलं, आणि ठिपकाही मोठा पडला, तुरीच्या दाण्याएवढा. मी मोजलं. तीन वीत, वर चार बोटं.

दोन ठिपक्यांमधलं एवढंसं अंतर, आणि आम्ही एकशे अठरा माणसांच्या नावापुढे खुणा करून मोकळ्या झालो होतो. चौरंगावरची पोथी मला आठवली असती तरी पुरे होतं.

आणि माणूस चुकला की जे करतो तेच मी केलं. मी उलटून म्हटलं, "पण मग त्यांनी बोलायचं ना! वहिनी तरी काय चूक म्हणाल्या? दिसत नाही तर नाही म्हणून सांगायचं. एवढी म्हावऱ्याच्या भावावरून भांडणारी माणसं, चष्म्याला काय झालं?"

किशोरी हसली. तिचं हसू मला मुळीच आवडलं नाही.

"बाई, तुम्ही हळदीकुंकू लावून दिलेत ते."

"मग?"

"पादुकांना लावून दिलेत. खडीसाखर दिलीत. ओंजळीत घ्यायला लावलंत. प्रसाद बदलून मागतात का? हा गोड नाही, दुसरा द्या, असं तुम्ही कधी देवळात म्हणालात?"

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

"सगळ्यांच्या देव्हाऱ्यात आहेत. तुम्ही घरं फिरलात, वर बघितलं नाहीत. तेरा घरांत तेरा चष्मे देवाजवळ. कुणी फेकला नाही, कुणी मुलांना खेळायला दिला नाही. वहिनी म्हणतात किंमत नाही!"

"देवाच्या पायाशी ठेवलं ते काही माझं चुकलं असं मला वाटत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "देवाचं नाव घेऊन काम केलं तर त्यात वाईट काय?"

"वाईट म्हणाले का मी? तुमची भक्ती खरी आहे, मला माहीत आहे. पण माणसाचा अंदाज चुकला तर माणूस दुसरा अंदाज करतो. देवाने दिलेल्या चष्म्यातून दिसलं नाही तर काय करायचं? चष्मा तर चुकणार नाही. मग राहिलं काय चुकायला?" तिने स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. "काका सकाळी तुम्हालाच म्हणाला ना? डोलं गेलं. त्याचे डोळे गेलेले नाहीत. बोट कुणी आधी पाहिली? तुमच्या मंडळाच्या शिक्क्याने गेले त्याचे डोळे."

विमान गेलं. या खेपेला ते जरा जास्त वेळ घोंघावत राहिलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

"आणि हा दीडचा कुणासाठी केलास?" मी विचारलं, कळत असूनही.

"गेल्या रविवारी नेला होता. डबीतून बाहेर काढूसुद्धा दिला नाही. म्हणाला, देवाच्या चश्म्यान दिसला नाय, तुज्या चश्म्यान काय दिसल? तू काच घासतंस पोरी, डागदर नाय. मी म्हटलं, एकदा लावून तर बघ. तर म्हणाला, म्हंजे देव खोटा न् तू खरी?" तिने चपलेची पिन जोरात दाबली आणि तिच्या बोटाला टोचली. बोट तोंडात घालून ती तशीच बोलत राहिली. "तीस वर्षं लोकांचे नंबर तपासते. माझ्या घरात माझं एक ऐकत नाहीत. आणि आनंदा काही वाईट नाही हो, त्यालाही बोट चालवायची आहे. उद्या टेम्पो येणार. एकदा जाळी गेली की परत येत नाहीत. मग काका नुसता ओटीवर बसणार. माझा आजोबा असाच बसला होता, दुसऱ्या शिमग्याला नव्हता."

एवढं ती सलग कधी बोलत नाही, आणि बोलली तर ते चष्म्याबद्दल असतं. मी म्हटलं, "वहिनींना मी सांगते. ते दोनशे परत पाठवू. मंडळाच्या बैठकीत मी विषय काढते."

"बैठक कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

तिने चप्पल माझ्या पायासमोर ठेवली.

आम्ही उठलो. बांध संपत आला होता. पुढे मोठा रस्ता, कंटेनरची रांग, आणि थांब्यावर एक बस चक्क उभी. दहा मिनिटांत पोचलो असतो. मी मनात म्हटलं, महाराज पावले. पाच पावलं गेले तेव्हा लक्षात आलं की या वेळी मीच पुढे आहे. मागे वळून पाहिलं तर किशोरी तिथेच, उघाडीच्या कट्ट्याला टेकून उभी.

"आता काय?" मी ओरडले. "बस जाईल!"

"बाई, मी आजपर्यंत तुमच्याकडे काही मागितलं नाही."

हे खरं होतं. तिने माझ्याकडे नुसत्या चुका काढल्या होत्या.

"बैठकीत काय बोलायचं ते बोला. पण आत्ता माझ्याबरोबर मागे चला. चप्पल चालेल, मी पक्की जोडलीय. काकाच्या समोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा, नंबर आम्ही चुकीचा दिला, तुमचे डोळे चांगले आहेत. माझं ऐकणार नाही, वहिनींचं तर नाहीच. ज्या हाताने ओंजळीत टाकलंत त्याच हातावर त्याचा विश्वास आहे. आणि बाई, देव्हाऱ्यातला तो चष्मा तुम्हीच उतरवा. हळदीकुंकू लावा, नमस्कार करा, काय करायचं ते करा, तुम्हाला कळतं त्यातलं. पण तुमच्या हाताने खाली घ्या, आणि हा त्याच्या डोळ्यांवर लावा."

तिने काळ्या फ्रेमचा चष्मा फडक्यासकट माझ्यापुढे धरला.